हात सैल सोडा, बाई

माझ्या आयुष्यातली सर्वांत गोड आरोळी मी एका संडासाच्या बंद दाराआडून ऐकली आहे. शब्द एकच होता, "झाली!" दाराबाहेर मी, दोन परिचारिका, एक शिकाऊ डॉक्टरीण आणि वॉर्डातल्या निम्म्या बायका कान टवकारून उभ्या होतो. ती आरोळी ऐकली आणि मी, विभागप्रमुख, पांढऱ्या केसांची बाई, चक्क टाळ्या वाजवल्या. शिकाऊ डॉक्टरीण माझ्याकडे बघतच राहिली.

या टाळ्या कळायच्या तर आमचा धंदा थोडा समजून घ्यायला हवा. मी बायकांच्या कर्करोगांवर शस्त्रक्रिया करत असे आणि त्याच विषयात संशोधन करत असे. हे सांगितलं की लोकांचे चेहरे पडतात. लग्नात कुणी विचारलं तर मी नुसतं "डॉक्टर आहे" म्हणून जिलेबी वाढून घेते. पण खरं सांगते, मला या कामाचा कधी कंटाळा आला नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी मला शेवटपर्यंत शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं वाटायचं.

गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग लहान असताना सापडला, तर गर्भाशय आणि त्याच्या आजूबाजूचा भाग काढून टाकता येतो आणि बाई बरी होते. भानगड अशी, की त्याच आजूबाजूच्या भागातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या केसाएवढ्या नसा असतात. पूर्वी त्याही कापल्या जायच्या. बाई कर्करोगातून सुटायची आणि पुढे कितीतरी महिने, कधी कायमची, लघवीच्या नळीला बांधली जायची. त्या नसा ओळखायच्या कशा आणि हळूच बाजूला सारायच्या कशा, यावर मी माझी उमेदीची वर्षं घातली. म्हणून शस्त्रक्रियेनंतर नळी काढली आणि बाई एकटी आत गेली, की माझा परीक्षेचा निकाल लागायचा. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक आनंदाच्या बातम्या लघवीच्या आहेत, त्याला माझा इलाज नाही.

दाराआड त्या दिवशी होती हमीदाचाची. जातीची मणेरीण, म्हणजे बांगड्या भरणारी. पौडच्या बाजारात तिच्या मुलाचं बांगड्यांचं दुकान आहे, पण चाची दुकानात कधी टिकली नाही. पेटी घेऊन ती मुळशीतली गावं पायाखाली घालायची. तिच्याविषयीच लिहायचं म्हणून बसले आहे, बाकी कारकीर्द राहू दे.

झालं असं, की पुण्यात आमच्या टेबलावर ज्या बायका यायच्या त्या उशिरा यायच्या. अगदी मुळशीतल्या, म्हणजे तासाभराच्या अंतरावरच्यासुद्धा. मी कितीही नाजूक हाताने नसा वाचवायला शिकले तरी आजार पसरल्यावर त्याचा उपयोग काय? हा कर्करोग एका विषाणूमुळे होतो आणि तो व्हायला कितीतरी वर्षं लागतात. तेवढ्या काळात विषाणू सापडला तर पुढचं सगळं टळतं. आणि तो शोधायला डॉक्टरची गरजही नाही. लांब दांडीचा मऊ ब्रश बाईने स्वतःच, दार लावून, आत फिरवायचा आणि नळीत घालून द्यायचा. झालं. मुळशीतल्या बायका हे करतील का, हे बघायचा आम्ही प्रकल्प आखला. वयाची अट तीस ते साठ.

पहिलं शिबिर मुळशीतल्या रिहे गावच्या शाळेत. मी, आमची परिचारिका वर्षा, रक्तदाबाचं यंत्र, साखर तपासायच्या पट्ट्या आणि नळ्यांचं खोकं. दुपारपर्यंत एकही बाई फिरकली नाही. वर्षाने खिचडी केली होती, ती आम्ही दोघींनीच संपवली. मग मी चिडून गावात निघाले, तर एका ओसरीवर पंधरा-वीस बायकांचा गराडा. मध्ये बांगड्यांची पेटी उघडून चाची बसलेली.

एका नव्या नवरीचा हात तिच्या हातात होता. हात जाड, बांगडी लहान. मला वाटलं आता फुटणार. चाची बांगडीकडे बघतही नव्हती. "हात सैल सोड गं," ती म्हणाली, "आन् सांग, सासूनं काल काय केलं?" पोरगी सांगू लागली. सासूने ताकाचं मडकं कसं लपवलं, नणंद कशी हसली. सांगता सांगता बांगडी मनगटात जाऊन बसली. एक नाही, सहा.

मी आ वासून उभी. अहो, हेच तर मला तीस वर्षं जमत नव्हतं! तपासणीच्या टेबलावर बाई आली की आखडते. तिला "सैल सोडा, सैल सोडा" म्हणावं तेवढी ती जास्त आखडते, मग दुखतं, मग ती परत येत नाही. मी विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवत होते, उपकरणाचा कोन शिकवत होते. बाईला सासूचं काय झालं ते विचारा, असं मी कधीच शिकवलं नव्हतं.

मी तिथेच बसकण मारली आणि चाचीला आमचं काम सांगितलं. तिने नळी हातात घेतली, ब्रश उलटसुलट केला आणि बायकांकडे वळली.

"बघा गं. ह्यो बुरूस. दार लावायचं, आपल्या हातानं आत फिरवायचा, नळीत घालायचा. कुनी बघत न्हाई, कुनी हात लावत न्हाई. गालाला पावडर लावायला जेवढा येळ लागतुया, तेवढाबी लागत न्हाई."

संध्याकाळपर्यंत आमचं खोकं अर्धं रिकामं झालं. त्या दिवशी परतताना मी गाडीत गाणं म्हटलं, आणि माझा आवाज कसा आहे ते वर्षाला विचारा.

जाता जाता चाचीने माझे हात पाहिले होते. "हे काय, बाई? हात मोकळं?"

"मोकळेच लागतात, चाची. कोपरापर्यंत घासून आत जायचं असतं."

"कवापत्तूर?"

"निवृत्त होईपर्यंत."

"मग तवा मी भरीन," ती म्हणाली.

चाची आमच्या प्रकल्पात आली आणि चित्रच पालटलं. भुकूमच्या नव्या इमारतींपासून ताम्हिणीच्या ढाब्यांपर्यंत, जिथे तिची पेटी जाई तिथे आमच्या नळ्या जात. ती बायकांच्या सह्या घेई, कुणाला नको असेल तर नळी परत आणी, उरलेल्या गोळा करून वर्षाच्या हातात देई. असंच एकदा पौडच्या शिबिरात नळ्या मोजताना ती मला म्हणाली, "बाई, माझंबी घ्या की."

मी कागदात डोकं घालून बसले होते. हसत म्हणाले, "चाची, तुमचं वय झालं. तुम्ही यादीत बसत नाही. तुम्ही आपल्या पोरी आणा." तीही हसली. चाची तेव्हा चौसष्टची होती. हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते विसरता आलेलं नाही.

पावसाळ्यात आमचे निकाल येऊ लागले, आणि एका सकाळी मी खुर्चीतून उडालेच. या विषाणूचे पुष्कळ प्रकार आहेत, त्यांना नंबर असतात. सोळा नंबर सर्वांत वाईट. तो सापडणं नवं नाही. पण तीन बायकांमध्ये सोळा, बावन्न आणि अठ्ठावन्न असे तीनही प्रकार एकत्र सापडले होते. एक रिह्याची संगीता, एक ताम्हिणीची मंदा, एक भुकूमची अश्विनी. तीन गावं, तीन घरं, एकमेकींना ओळखतही नाहीत. आणि विषाणूचं प्रमाण इतकं, की आजार पुढे गेलेला असण्याची दाट शक्यता. तिघीही चाळिशीच्या आतल्या.

संशोधकाची जात कशी असते ते प्रामाणिकपणे सांगते. आधी काळजी वाटली, ती एक मिनिट. मग मी शोधनिबंधाचं शीर्षक ठरवू लागले. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, त्यामुळे तीन घरांना जोडणारा कोण, याचेही मी मनात इमले बांधले. कुणावर काय संशय घेतला ते लिहीत नाही, लाज वाटते. सुदैवाने मी ते तोंडातून काढलं नाही.

वर्षाने तिघींना फोन केले. अश्विनीचा फोन लागेना, ती लातूरला माहेरी गेली होती. तिला निरोप ठेवला. संगीता आणि मंदाला घेऊन यायचं काम अर्थातच चाचीकडे. भर आवणीत, भाताची रोपं लावायचं काम सोडून संगीता आली. चिखलाचे पाय तिने आमच्या पौडच्या केंद्रातल्या नळावर धुतले. मंदा ढाब्याला कुलूप लावून आली. दोघींचे चेहरे उतरलेले. संगीता तपासणीच्या खोलीत येण्याआधी चाची तिला बाहेर सांगत होती, "तुला काय बी न्हाई. माझ्याकडनं लिहून घे." रुग्णाला इतक्या ठामपणे धीर देणं मला कधी जमलं नव्हतं. मला तिचा हेवा वाटला.

मी दोघींना दुर्बिणीखाली तपासलं. गर्भाशयाचं तोंड गुळगुळीत, गुलाबी, पाठ्यपुस्तकात छापावं असं. पुन्हा नमुने पाठवले. विषाणूच नाही! एकीचा निकाल चुकतो, हे समजू शकतं. दोघींचा, तोही असा? मी प्रयोगशाळेला फोन करून तिथल्या मुलांचं डोकं खाल्लं. चिठ्ठ्या बदलल्या का, नळ्या सांडल्या का, यंत्र बिघडलं का. सगळं जागच्या जागी होतं.

मग अश्विनीचा फोन आला. ही हिंजवडीच्या एका कंपनीत हिशेब बघणारी मुलगी. आमचा निरोप तिला मिळाला तेव्हा ती बहिणीच्या बाळाच्या बारशात होती.

"मॅडम, मला कॅन्सर आहे का? सरळ सांगा. मला बारा दिवस झोप नाहीये."

मी तिला नमुन्याबद्दल सांगू लागले, तर ती मध्येच थांबवून म्हणाली, "कुठला नमुना? मी किट वापरलंच नाही. मला ते ऑकवर्ड झालं. मी चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या दिवशी चाचींना ते परत दिलं होतं, पॅक असलेलं."

मी यादी ओढून तिच्या नावापुढची नोंद पुन्हा वाचली. ती दोनदा हॅलो म्हणाली. तिला आजार नाही, चूक आमची आहे, तरी एकदा तपासून घेऊ, एवढं मी कसंबसं बोलले आणि तशीच गाडी काढून रिह्याला गेले. संगीता खाचरात होती. मी बांधावरूनच ओरडून विचारलं, तू नळी दिली होतीस का?

"न्हाई की," ती म्हणाली. "माझी पाळी आली व्हती. चाचीला परत दिली."

"मग आजार आहे असं सांगितलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"आवं, बोटातलं रगात घेतलं व्हतं की तुमी. मला वाटलं, त्यात गावलं."

साखर तपासायला बोट टोचलं होतं, ते! मी कपाळाला हात लावला. शिबिरात एका टेबलावर बोट टोचायचं, दुसऱ्यावर नळी द्यायची आणि कशातून काय कळतं ते सांगायचंच नाही, हे आमचं नियोजन. मग संगीता खाली बघत म्हणाली, "त्या पंधरा दिसांत मी पोरीला भाकरी थापायला शिकवली. नऊ वरसाची हाय. म्हणलं, मी ऱ्हायले न्हाई तर." मला तिच्याकडे बघवेना.

वाटेत मंदाला फोन केला, तिचंही तेच. पौडला येईपर्यंत माझ्या रागाने टोक गाठलं होतं. चाचीने खोटे नमुने भरले! आकडा फुगवायला, माझ्यापुढे मिरवायला, कशाला का असेना. दोन वर्षांचं काम पाण्यात. आता चाचीने आणलेल्या प्रत्येक नळीवर प्रश्नचिन्ह. बाजारातल्या दुकानात मी तावातावाने शिरले. मुलगा जेवायला घरी गेला होता. चाची एकटीच बांगड्यांचे जुडगे सुतळीत ओवत बसली होती. माझा चेहरा बघून तिने सुतळी खाली ठेवली.

"त्या तीन नळ्यांत काय भरलंत, चाची?" मी विचारलं. आणि माझंच वाक्य माझ्या कानावर पडलं तशी मी थबकले. कारण त्या नळ्यांत काय होतं ते मला चांगलं माहीत होतं. सोळा, बावन्न, अठ्ठावन्न. कुठल्यातरी बाईचं. एकाच बाईचं, तीनदा.

"माझंच व्हतं," चाची म्हणाली.

मी स्टुलावर बसले.

"रगात जातंय. होळीपासनं. पाळी जाऊन माझी पंधरा वरसं झाली. म्हणलं, तपासून घ्यावं. तुमी म्हणाला, वय झालं, यादीत बसत न्हाई. मग जी नळी परत यायची, तिच्यात घातलं. पयल्या नळीत रगात दिसलं, म्हणलं टाकून देतील, म्हणून दुसरी दिली. मग तिसरी."

"मला सांगायचं होतं की रक्त जातंय म्हणून!"

"तुमी इचारलं कुटं?" तिच्या आवाजात राग नव्हता. "सोताहून सांगायचं तर कुनाला सांगू? समद्या मला सांगत्यात, बाई. माझं ऐकायला कोन बसतंय? पोराला सांगू का सुनंला?"

"आणि त्या तिघी? संगीताचं काय झालं असेल?"

आता तिचे डोळे भरले. "त्येचंच पाप लागलंय मला. तुमी तिला बोलवायला मला धाडलं तवा मला कळलं, माझं काय निघालंय त्ये. वाटभर जीपमदी वाटत हुतं, सांगावं. तोंडच उघडंना."

पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर ती धोक्याची घंटा, हे वाक्य मी आयुष्यभर व्याख्यानांत टेबलावर हात आपटून सांगितलं आहे. आणि शेजारी बसून नळ्या मोजणाऱ्या बाईला मी एक प्रश्न विचारला नव्हता. मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. पण त्याच क्षणी, खोटं कशाला बोलू, अंगात वीजही सळसळली. होळीपासून म्हणजे चार-पाच महिने. अजून वेळ असू शकतो! मी चाचीला उठवलं, दुकानाचं शटर ओढलं आणि तिला गाडीत घातलं.

तपासणीच्या टेबलावर चाची लाकडासारखी कडक झाली. मी म्हटलं, "चाची, बोला काहीतरी. सुनेने काल काय केलं?" ती बोलेना. मग मीच बोलत राहिले. माझ्या सासूबद्दल, आमच्या स्वयंपाकघरातल्या एका तुपाच्या बरणीबद्दल, जिच्यावरून दोन दिवाळ्या आमच्या घरात अबोला होता. चाचीला हसू फुटलं आणि उपकरण अलगद आत गेलं.

वय झालं की हा आजार जिथे सुरू होतो ती जागा आत सरकते, शोधावी लागते. सापडली. वाटाण्याएवढी गाठ, टोचलं की रक्त येणारी. तुकडा काढून पाठवला. कर्करोगच होता. मग स्कॅन केले. कुठे पसरलेला दिसत नव्हता! काढता येण्यासारखा होता!

चाचीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग काढा की. वाट कुनाची बघताय?" मी तिला नियमाप्रमाणे सगळे धोके सांगितले. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, तिचा मधुमेह. ती मान हलवत राहिली. लघवीच्या नळीचं सांगितलं तशी मान थांबली.

"कितीक दिस नळी?"

"बहुतेक थोडेच. पण काही बायकांना फार दिवस लागतात. क्वचित कायमची."

"नळी लावून मी गावं कशी फिरू, बाई? वास मारंल. पोरी माझ्याजवळ बसतील का?" मग हळूच म्हणाली, "जीव गेला तर गेला. पर दुकानात कोपऱ्यात बसवून ठिवू नका."

सर्जनने वचन देऊ नये, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी शिकवत आले. मी वचन दिलं.

ती शस्त्रक्रिया मला मिनिटामिनिटाने आठवते. पोट उघडून करायची ही शस्त्रक्रिया, दुर्बिणीतून नाही. या आजारात तेच सुरक्षित. मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणारी मूत्रवाहिनी आधी शोधावी लागते, आणि ती कशी ओळखायची? चिमट्याने हलकेच टोचायचं. रक्तवाहिनी असेल तर गप्प पडून राहते. मूत्रवाहिनी असेल तर पावसातल्या गांडुळासारखी वळवळते. शेकडो वेळा पाहिलंय, तरी ती वळवळ दिसली की माझ्या तोंडून "नमस्कार बाईसाहेब" निघतंच. त्या दिवशीही निघालं.

डावी बाजू सरळ गेली. नसांची जाळी मोकळी केली, बाजूला ठेवली. उजव्या बाजूला मात्र सगळं एकमेकांना चिकटलेलं. तिथे सुटसुटीत मार्ग एकच होता, नसा कापून पुढे जायचं. सहायक म्हणाला, "मॅडम, वय चौसष्ट आहे. वेळ कशाला वाढवायचा?" चूक नव्हती त्याची. पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं. पण वय हा शब्द ऐकला आणि माझं डोकं सणकलं. मी मान वर न करता म्हटलं, "आज वयाचं कुणी बोलायचं नाही." मग एकेक धागा सोडवत बसले. घाई केली तर फाटतं, ओढलं तर तुटतं. मी हात सैल सोडला. एका क्षणी चिकटलेला पडदा सुटला आणि खाली त्या पांढुरक्या नसा अखंड दिसल्या. सांगते, हिमालय बघितलाय मी, पण तसा आनंद तिथे झाला नाही.

काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आल्या, म्हणजे कर्करोग पुरता निघाला होता, आणि आजूबाजूच्या लसग्रंथींत तो पोचला नव्हता. दहाव्या दिवशी नळी काढली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. आरोळीनंतर चाची दार उघडून बाहेर आली ती हात वर करून, निवडून आल्यासारखी. वॉर्डातल्या बायकांनी तिला पेढा मागितला, आणि तिच्या मुलाने खरंच आणून वाटला. लघवीचा पेढा मी पहिल्यांदाच खाल्ला.

पण गोष्ट एवढी गोड नाही. प्रकल्पावर देखरेख करणाऱ्या समितीपुढे मी सगळं लेखी मांडलं. चाचीने गोळा केलेले सगळे नमुने बाद झाले, ते आम्ही पुन्हा घेतले. अश्विनीने तक्रार केली, आणि ती योग्यच होती. चाची तिच्या घरी माफी मागायला गेली. तिने पाणी दिलं, ऐकून घेतलं, पण माफ केल्याचं काही म्हणाली नाही. मंदाने चाचीला चार शब्द सुनावले आणि मग जेवू घातलं. संगीता म्हणाली, "चाची, आता माझं खरं न्या," आणि नळी घेऊन आत गेली. समितीने मला विचारलं, वयाची अट साठ का ठेवली? मी म्हटलं, सगळे ठेवतात म्हणून.  आता आमच्या कागदावर, कितीही वयाच्या बाईने दारात पाय ठेवला की पहिला प्रश्न रक्ताचा असतो. तो विचारल्याशिवाय पुढचा रकाना भरता येत नाही.

चाची पुन्हा गावं फिरू लागली. आमच्यासाठी फिरताना आता सोबत वर्षा असते, आणि नळ्यांना हात फक्त वर्षाच लावते. चाचीला ते मान्य आहे. तपासणीला मात्र ती दर खेपेला न चुकता आली, आधी दर तीन महिन्यांनी, मग सहा. यंदा पाच वर्षं झाली. पाच वर्षं काही दिसलं नाही तर आम्ही बाईला बरी म्हणतो. योगायोगाने त्याच महिन्यात मी निवृत्त झाले. पौडच्या केंद्रातली माझी ती शेवटची तपासणी.

"जा चाची," मी म्हटलं. "आता यायला नको. सुटलात."

ती टेबलावरून उतरली, लुगडं सारखं केलं आणि पिशवीतून पेटी काढली. "तुमीबी सुटलात न्हवं? हात द्या."

मी हात पुढे केला. चाळीस वर्षं हातमोज्यांत कोंडलेला हात, पेरं जाड झालेली. तिने हिरव्या काचेची बांगडी बोटांवर चढवली आणि ती अंगठ्याच्या हाडाशी अडली.

"हात सैल सोडा, बाई."

मला जमेना. हजारो बायकांना सैल सोडा सांगणारी मी, मूठ उघडेना.

"बोला कायतरी," ती म्हणाली.

आणि मी बोलले. पाच वर्षं जे राहून गेलं होतं तेच तोंडात आलं. म्हटलं, चाची, त्या दिवशी तुम्ही म्हणालात माझंही घ्या, आणि मी मान वर करून तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. वय झालं म्हणाले आणि हसले. तुम्ही त्या नळ्या भरल्या नसत्या तर मी तुम्हाला मारलं असतं, हसत हसत. नाक वाहू लागलं, तरी मी बोलत राहिले. चाची मान खाली घालून माझा हात दाबत होती.

मी गप्प झाले तेव्हा मनगटात सहा बांगड्या होत्या.

"दुसरा हात द्या," चाची म्हणाली.